ध चा मा आणि चौकटी कंस
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक मला म्हणाले होते, 'तू कॉम्प्युटरमधली आहेस, एआयवर बोल.' पण मी कंसावर बोलणार आहे. मथुरेच्या नव्हे, वहीतल्या.

गणिताच्या तासाला आपण तीन कंस शिकलो. साधा, महिरपी आणि चौकटी. आतून बाहेर सोडवत यायचं. चौकटी कंस सगळ्यांत बाहेरचा, त्यामुळे तिथवर पोचेपर्यंत माझी तरी कुठेतरी चूक झालेली असायची. मराठीच्या तासाला मात्र हा कंस भेटल्याचं आठवत नाही. एकेरी अवतरण कुठे, दुहेरी कुठे, हे बाईंनी घोटून घेतलं. पण दुसऱ्याचं वाक्य अवतरणात घेतलं आणि त्यात आपला एखादा शब्द घालावाच लागला, तर? त्यासाठी हा कंस आहे. समजा, कोणी आठवण लिहिली, 'तो वाहून गेला त्या दिवशी आम्हाला सुट्टी मिळाली.' वाचणारा घाबरेल, कोण वाहून गेला? मग आपण छापायचं, 'तो [नाल्यावरचा लाकडी पूल] वाहून गेला त्या दिवशी आम्हाला सुट्टी मिळाली.' कंसातलं माझं, बाहेरचं त्याचं. एवढंच. साधा कंस चालत नाही, कारण तो मूळ लिहिणाऱ्याचाही असू शकतो. म्हणूनच आपल्याकडच्या पुस्तकांत साध्या कंसात मजकूर घालून पुढे '– संपा.' असं लिहायची पद्धत दिसते. काम तेच.

एवढ्याशा खुणेसाठी दहा मिनिटं कशाला, असं वाटत असेल, तर गंगापूर रोड आठवा. आपल्यातले निम्मे त्या रस्त्यानं सायकलवर शाळेत यायचे. त्या रस्त्यावर आनंदवल्ली आहे. राघोबादादांनी तिथे वाडा बांधला आणि गावाला आपल्या पत्नीचं, आनंदीबाईंचं नाव दिलं. आणखी पुढे गंगापूर. तिथे गोपिकाबाईंचं वास्तव्य होतं. म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात ज्याचा खून झाला, त्या जेमतेम अठरा वर्षांच्या नारायणरावाची आई, आणि त्या खुनाचं बोट जिच्याकडे दाखवलं जातं ती काकू, या दोघींची नावं एकाच रस्त्याला चिकटलेली आहेत. रोज त्याच रस्त्यानं जाऊन मला हे चाळिशीत कळलं.

गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गारद्यांना दिलेल्या हुकमात 'नारायणरावास धरावे' असं होतं, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला आणि ते 'मारावे' झालं. हे खरंच असं घडलं का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. बाईंवर ढकलून बाकीचे सुटले, असंही कोणी म्हणेल. पण मराठी माणसानं या गोष्टीचा वाक्प्रचार केला. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द गुपचूप बदलणं याला आपल्याकडे नाव आहे, आणि त्या नावात खुनाची आठवण आहे.

त्या काळी अशा बदलाची खूण करायची सोयही नव्हती. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, आणि विरामचिन्हं नव्हतीच. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. विरामचिन्हांवरचं त्यांचं पुस्तक १८५० चं. त्याआधी कुणाचं बोलणं कुठे सुरू झालं, कुठे संपलं, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. नकलून घेणाऱ्यानं मध्ये स्वतःचं काही घातलं तर पुढच्याला पत्ता नाही. ज्ञानेश्वरीचं हेच झालं होतं. १२९० चा ग्रंथ, जवळजवळ तीनशे वर्षं हातानं नकलला गेलेला. १५८४ मध्ये पैठणला एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं की यात कोणी आपली ओवी घालू नये, ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. घालणाऱ्यांची भक्ती कमी होती असं नाही. उलट, ती जास्त होती म्हणून घातल्या असतील. फक्त 'ही माझी' असं सांगायला त्यांच्याकडे खूण नव्हती.

आता खूण आहे, तर आपण ती गाळतो. माझ्या मुलीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात संविधानाची उद्देशिका आहे. 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द जिथे येतात तिथे चौकटी कंस आहे, आणि खाली तळटीप, की ४२ व्या घटनादुरुस्तीनं, १९७६ मध्ये, हा बदल झाला. तीच उद्देशिका आपण भिंतीवर लावायला छापतो तेव्हा कंस गळतात, आणि २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख तेवढी राहते. वाचणाऱ्याला वाटतं, सगळं त्याच दिवशी लिहिलं. ते शब्द हवेत की नकोत हा वाद मी इथे काढत नाही, जेवणं व्हायची आहेत. पण कोणत्याही बाजूनं भांडायचं असेल तरी आधी तो कंस दिसायला हवा.

आमच्या धंद्यात कोडची प्रत्येक ओळ कोणी बदलली, कधी बदलली, याची नोंद राहते. ती पाहायच्या आज्ञेचं नावच 'ब्लेम'. मी वीस वर्षं त्या शिस्तीत काम करते. आणि तरी मी ध चा मा केला. ह्याच स्मरणिकेत.

हातानं लिहून आलेल्या आठवणी टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या एका वर्गमित्राचं पत्र आलं. सातवीनंतर तो शाळेत नव्हता. आज अंबडला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. आत्ता तो इथेच बसलाय. 'सांग, पण नाव घेऊ नको,' म्हणालाय. त्यानं लिहिलं होतं, 'फी भरली नव्हती म्हणून मला तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. चौथ्या दिवशी मी गेलोच नाही.' मी टाइप केलं, 'फी भरली नसल्यामुळे मी तीन दिवस वर्गाबाहेर उभा राहिलो.' शुद्धलेखन सुधारता सुधारता हात तिकडे गेला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माहीत होतं. स्नेहमेळाव्याची स्मरणिका, सर-बाई वाचणार. कशाला?

मजकूर पाहायला त्याला पाठवला, तर रात्री फोन. 'उभा राहिलो म्हणजे काय गं? बस स्टॉपवर राहतात तसा? मला उभं केलं होतं.'

एक क्रियापद. 'केलं'चं 'राहिलो' केलं की उभं करणारा माणूसच वाक्यातून निघून जातो. आणि आपल्या भाषेत तर हे जास्तच लागतं. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना 'मी'चा 'तो' करावा लागतो. आपण म्हणतो, 'मी येतो असं तो म्हणाला.' त्याचा 'मी' आपण त्याच्याकडेच ठेवतो. त्या 'मी'च्या आत शिरून मी त्याचं वाक्य फिरवलं होतं.

समितीत यावर चर्चा झाली. कोणी सुचवलं, ते वाक्य गाळून कंसात तीन टिंबं देऊ, नियमात बसतं. बसतं, खरंय. कंसानंही खोटं बोलता येतं. टिंबांच्या जागी नेमकं 'नाही' गाळलं तर वाक्य उलटं होतं, आणि वर नियम पाळल्याचा दिमाख. शेवटी पत्र त्यानं लिहिलं तसंच घ्यायचं ठरलं. 'वर्गात' ऐवजी त्यानं 'वरगात' लिहिलंय, तेही तसंच राहील. व्यासपीठावरच्या एका बाईंना मी छपाईआधी ते दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, 'तसंच असू दे.'

पत्रात माझे कंस दोनच आहेत. एके ठिकाणी 'ते' म्हणजे कोण हे कळेना, तिथे त्याला विचारून [शिपाईकाका] घातलं, कारण त्या तीन दिवसांत त्याला डब्यातली अर्धी भाकरी कोणी दिली हे नीट कळायला हवं. आणि शेवटच्या ओळीत शाई ओघळलीय. तो शब्द काय म्हणून विचारलं, तर कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत बसला, आणि म्हणाला, 'आता मलाच लागत नाही.' तिथे आम्ही [एक शब्द पुसलेला] असं छापतोय.