दोघांचा पट्टा



कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो महागाई आणि बोनस यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच येतात. आज आम्ही कुस्तीवर बोलणार आहोत. आणि तीही आपल्या लाल मातीतल्या कुस्तीवर नव्हे. जपानात दोरांच्या रिंगणात, तिकीट लावून दाखविल्या जाणाऱ्या कुस्तीचा एक पट्टा आहे. त्याचे नाव आशियाई जोडी अजिंक्यपद. तो १९५५ साली निघाला आणि आज त्या देशात चालू असलेल्या व्यावसायिक कुस्तीच्या पट्ट्यांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्याचा इतिहास वाचताना आम्हांला आमचीच माणसे पुन्हा पुन्हा आठवली, म्हणून हा विषय घेतला.

प्रथम या खेळाची रीत सांगतो. एका बाजूला दोन गडी, दुसऱ्या बाजूला दोन. दोघांपैकी एकाने आत लढायचे आणि दुसऱ्याने दोराबाहेर उभे राहायचे. आतला थकला, मार खाऊन लोळू लागला, की त्याने कसेबसे आपल्या कोपऱ्यापर्यंत यायचे आणि जोडीदाराच्या हाताला हात लावायचा. हात लागल्याशिवाय दुसऱ्याने आत येणे नियमाबाहेर. गिरणीत बदलीवाला येईपर्यंत माग सोडता येत नसे, तसाच हा प्रकार समजा.

आपण म्हणाल, ही तर नुरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला. ते खरे आहे. पण निकाल ठरलेला असला तरी पाठ ठरवून आपटत नाही. मान खरी असते, गुडघा खरा असतो, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पुन्हा उभे राहावे लागते. म्हणून आम्ही या मंडळींना नट म्हणून मोकळे होत नाही. ते अंगमेहनतीचे कामगार आहेत.

आता हकीकत. जपानवरील परकीय लष्करी ताबा १९५२ च्या एप्रिलात उठला. १९५३ साली तिथे दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. घरोघरी संच घेण्याची ऐपत लोकांत नव्हती. तेव्हा चौकांत आणि स्थानकांसमोर संच मांडले गेले. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोकियोत बेन शार्प आणि माइक शार्प या धिप्पाड कॅनडियन भावांविरुद्ध रिकिडोझान आणि मासाहिको किमुरा ही जोडी उतरली. ते दृश्य पाहायला त्या दिवसांत एकट्या शिंबाशी स्थानकासमोर सुमारे २०,००० माणसे उभी राहिल्याचे सांगतात. पराभूत देशाचा माणूस दांडग्या गोऱ्यांना हाताच्या फटकाऱ्याने लोळवतो, हे पाहून लोक वेडे झाले.

पण त्या जोडीत काय चालले होते ते पाहा. किमुरा हा ज्यूदोतील त्या देशाचा मोठा नामांकित गडी. आत जाऊन मार खायचे काम मात्र बहुधा त्याच्याकडे आणि मग रागाने आत उडी घेऊन शत्रूला झोडपण्याचे काम रिकिडोझानकडे. मार एकाला, टाळ्या दुसऱ्याला. किमुराने वर्ष संपायच्या आत ही तक्रार उघड बोलून दाखवली आणि आव्हान दिले. २२ डिसेंबर १९५४ रोजी दोघे समोरासमोर आले. किमुराच्या म्हणण्याप्रमाणे बरोबरी ठरली होती. रिकिडोझानने ठराव मोडून खरेच ठोसे दिले आणि किमुरा बेशुद्ध पडला. ठराव लेखी असता तरी दाद मागायची कोणाकडे? रिकिडोझान नुसता जोडीदार नव्हता. कुस्तीची कंपनी त्यानेच १९५३ साली काढलेली होती.

या रिकिडोझानवर रागावणेही सोपे नाही. तो जन्माने कोरियन. सुमोच्या आखाड्यात परक्या जन्माचा म्हणून कुचंबणा नको, यासाठी त्याने आपले मूळ झाकले आणि जन्मभर झाकून ठेवले. जपानचा राष्ट्रवीर म्हणून ज्याच्या नावाचा जयघोष होत होता, त्याला आपल्या आईबापांचा देश उघडपणे सांगता येत नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९५५ च्या नोव्हेंबरात, आशियाई जोडी अजिंक्यपदाचे सामने झाले. पहिला पट्टा जिंकला तो जपान्यांनी नव्हे. अंतिम लढतीत रिकिडोझान आणि हॅरॉल्ड साकाटा यांना हरवून तो किंग काँग आणि टायगर जोगिंदरसिंग यांनी नेला. साकाटा हा हवाई बेटांतला, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात अमेरिकेतर्फे वजन उचलण्यात रौप्यपदक मिळविलेला. जोगिंदरसिंग पंजाबचा. आणि किंग काँग म्हणजे हंगेरीकडचा एमिल झाया. मुंबईकरांच्या वडिलांना आणि आजोबांना हे नाव नवे नाही. दारासिंगाशी त्याच्या झालेल्या कुस्त्यांची वर्णने आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत. दारासिंगही १९४७ साली सिंगापुरास गेला तो मजूर म्हणून. पिपे बनविण्याच्या गिरणीत काम करता करता त्याने हा धंदा शिकला. आशियाचा म्हणविला जाणारा तो पहिला पट्टा असा पोटासाठी घर सोडलेल्या दोन माणसांच्या कमरेला बसला.

नंतर काही वर्षे तो पट्टा मागे पडला. १९६० साली रिकिडोझान आणि टोयोनोबोरी यांनी तो मिळविला आणि मग बहुतेक काळ त्यांच्याकडेच राहिला. मध्यंतरी १९६२ च्या फेब्रुवारीत थोडे दिवस रिकी वाल्डो आणि ल्यूथर लिंडसे यांच्याकडे गेला. लिंडसे हा अमेरिकेतला काळा पैलवान. त्याच्या स्वतःच्या देशात, दक्षिणेकडील कित्येक ठिकाणी, काळ्याने गोऱ्याशी कुस्ती खेळायची नाही असा दंडक होता. आशियाच्या पट्ट्याच्या इतिहासात मात्र त्याचे नाव आहे. हाच लिंडसे १९७२ साली शार्लट गावी रिंगणातच हृदय बंद पडून गेला.

रिकिडोझान १९६३ च्या डिसेंबरात टोकियोच्या एका नृत्यगृहात सुरीचा वार लागून आठवड्याने वारला. पट्टा त्याच्या शिष्यांकडे आला. १९६९ साली तो अंतोनिओ इनोकी आणि मिचिआकी योशिमुरा या जोडीने घेतला. १९७१ च्या डिसेंबरात इनोकीने कंपनीच्या कारभारात हात घातला. त्याचे म्हणणे कारभार सुधारायचा होता. कंपनीचे म्हणणे तो कंपनी बळकावत होता. त्याला काढून टाकले आणि पट्टा रिकामा झाल्याचे जाहीर झाले. योशिमुरा तर हरलाही नव्हता आणि त्याला कोणी काढलेही नव्हते. पण जोडीतला एक गेला की दुसऱ्याच्या कमरेचेही सुटते. आमच्या कारखान्यांत हे आम्ही नित्य पाहतो: एकाच्या बडतर्फीचा कागद येतो आणि शेजारच्या यंत्रावरच्या माणसाचा हातही त्या दिवसापासून लटपटतो.

ती जुनी कंपनी १९७३ साली बुडाली. इनोकीने आणि त्याचा जुना जोडीदार जायंट बाबा याने १९७२ सालीच आपापल्या वेगळ्या कंपन्या काढल्या होत्या. बाबाच्या कंपनीने १९७६ साली हा पट्टा पुन्हा चालू केला; पण वरचे मोठे पट्टे दुसरे होते. हा मधल्या फळीतल्या मेहनती गड्यांचा झाला. १९९० साली केंटा कोबाशीच्या जोडीला, वाघाचा मुखवटा घातलेल्या एका तरुणाने तो जिंकला. पुढल्याच महिन्यात त्याने मुखवटा फेकला आणि मित्सुहारू मिसावा या आपल्या नावाने उभा राहिला.

बाबा १९९९ साली वारला. कारभारावरून मिसावाचे आणि बाबाच्या पत्नीचे पटेना. २००० च्या जूनमध्ये मिसावा बाहेर पडला आणि त्याच्यामागे जवळजवळ सारे जपानी पैलवान निघाले. मूळच्यांपैकी फुची आणि कावादा एवढे दोघे मागे राहिले. हे वाचताना आमच्यातल्या संघटकाला आनंद झाला, हे कबूल करतो. इतकी एकी आम्हांला वर्षानुवर्षे सभा घेऊन जमत नाही.

पण पुढे काय झाले? या एकीतून संघटना उभी राहिली नाही. आणखी एक कंपनी उभी राहिली. मिसावा तिचा मालक झाला आणि मालकाच्या नावावर तिकिटे खपत असल्याने त्याला रिंगणातून उतरता येईना. मान वर्षांपूर्वीच खराब झाली होती. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे, जोडीच्याच अजिंक्यपदाच्या लढतीत, पाठीमागे आपटला जाऊन तो निपचित पडला आणि त्याच रात्री गेला. वय ४६. जोडीदार तिथेच होता. परंतु असल्या वेळी जोडीदाराने हात लावून भागत नाही. डॉक्टरने आज खेळू नकोस म्हणून सांगावे, आणि न खेळताही त्या महिन्याचे घर चालावे, अशी व्यवस्था लागते. ती दोन माणसे करू शकत नाहीत.

अशी व्यवस्था खेळाडूंना करता येत नाही असे नाही. त्याच जपानात बेसबॉल खेळाडूंच्या मंडळाला १९८५ साली कामगार संघटना म्हणून मान्यता मिळाली आणि २००४ च्या सप्टेंबरात त्यांनी दोन दिवसांचा संप करून मालकांना ऐकायला लावले. पैलवानांची मंडळे कंपनीकंपनीत असतात. पण सर्व कंपन्यांच्या पैलवानांना एका झेंड्याखाली आणून मालकांशी करार करील अशी संघटना तिथे झाली नाही. आपल्याकडील हमालाची स्थितीही अशीच होती. आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. मालक अनेक, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही. पाठीवर पोते चढवायला दोन माणसे लागतात, ती मिळत. पाठ मोडल्यावर विचारणारा मिळत नसे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, मंडळात हमालाची आणि मालकाची दोघांचीही नोंद होऊ लागली, आणि मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधीही त्याच्या नावे जमू लागला. त्या कायद्यात उणिवा नाहीत असे आम्ही म्हणत नाही; त्या उणिवांशी आमचे रोजचे भांडण आहे. पण अनेक मालकांच्या चाकरालाही धनी नेमून देता येतो, हे त्याने दाखविले.

श्रोतेहो, जोडीदार चांगला असणे ही मोठी गोष्ट आहे. मार खाणारा आणि टाळ्या घेणारा यांची नावे पट्ट्याच्या इतिहासात शेजारी शेजारी लिहिली जातात, हेही काही कमी नाही. परंतु सत्तर वर्षांत तो पट्टा कोणाकडे राहिला असे विचाराल, तर तो कंपनीकडे राहिला. गडी आले, राबले आणि गेले. उद्या आपल्या गावात कुस्तीचे मैदान भरेल. आपण इनामाच्या कुस्तीला टाळ्या द्याल, त्या अवश्य द्या. त्याबरोबर मैदान भरविणाऱ्यांना एवढे विचारा, की ज्याचा खांदा आज निखळला त्याच्या दवाखान्याचे पैसे कोण देणार आहे. हा प्रश्न एकाने विचारला तर त्याला गप्प बसवितात. शंभरांनी विचारला, तर उत्तर द्यावे लागते.