गोलात उभी राहिलेली मुलगी



लहानपणी आमच्या वाड्यात खेळ रंगला की धाकट्या भावंडांना ‘लिंबूटिंबू’ म्हणून घ्यायचे. लिंबूटिंबू खेळात असतो, पण तो बाद झाला तरी धरत नाहीत आणि त्याला कुणी जोरात चेंडू मारत नाही. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, त्या कॅनडाच्या मॅनॉन रेओमला पुष्कळांनी लिंबूटिंबूच समजलं. ती तशी नव्हती, एवढंच मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

आधी खेळ समजून घेऊ. आपण हॉकी म्हणतो ती मैदानावरची. ही बर्फावरची. चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. व्यास 3 इंच, जाडी 1 इंच, वजन सुमारे 170 ग्रॅम. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, म्हणजे तो उसळत नाही, सरळ घसरत जातो. हाताला दगडासारखा लागतो. चांगल्या खेळाडूचा फटका ताशी 150 किलोमीटरच्याही पुढे जातो. आपल्या हॉकीचा गोल 12 फूट रुंद. इथला फक्त 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच. ऐकताना वाटतं, मग अडवणं सोपं! पण फटका दहा-पंधरा फुटांवरून येतो, आणि मध्ये आपलीच माणसं उभी असल्यामुळे तो सुटलेला दिसतही नाही. गोलरक्षक रेषेवर थांबला तर मारणाऱ्याला चारही कोपरे मोकळे दिसतात. तोच चार हात पुढे आला की त्याच्या अंगामागे सगळा गोल झाकला जातो. पण फार पुढे आला तर समोरचा त्याला बगल देऊन निघून जातो. मॅनॉनची उंची साधारण साडेपाच फूट, तेव्हा हे पुढे-मागे होण्याचं गणितच तिचं भांडवल.

क्वेबेकमधल्या लाक-बोपोर गावात ती वाढली. वडील गावातल्या रिंकचं काम बघत, मुलांचा संघही शिकवत. भाऊ घरी सराव करताना गोलात तिलाच उभं करायचे. ती पाच वर्षांची असताना वडिलांच्या संघाला गोलरक्षक हवा होता, तेव्हा ती म्हणाली, मी उभी राहते. तिथून ती मुलांमध्येच खेळत गेली.

नोव्हेंबर 1991 मध्ये त्र्वा-रिव्हिएरच्या संघाने तिला क्वेबेकच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये उतरवलं. तिथली मुलं म्हणजे उद्याचे व्यावसायिक खेळाडू. तोवर एकही मुलगी तिथे खेळली नव्हती. ती 17 मिनिटं खेळली. एक फटका थेट मुखवट्यावर बसला आणि डोळ्याच्या वर कातडी फाटली. रक्त वाहत असताना ती बर्फावरून बाहेर आली. लिंबूटिंबूला असा फटका कुणी मारतं का, तुम्हीच सांगा.

पुढच्या वसंतात, 1992 च्या महिला विश्वविजेतेपद स्पर्धेत कॅनडाने सुवर्णपदक जिंकलं आणि स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात गोलरक्षक म्हणून तिची निवड झाली. त्याच वर्षी फ्लोरिडातला टॅम्पा बे लाइटनिंग हा नवा संघ एनएचएल या पुरुषांच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये येत होता. त्याचे व्यवस्थापक फिल एस्पोसिटो यांनी तिला सराव शिबिराला बोलावलं. प्रसिद्धीचा हेतू होता, हे त्यांनी लपवलं नाही. फ्लोरिडात तेव्हा बर्फावरची हॉकी बघायला माणसं आणायची होती.

23 सप्टेंबर 1992. सेंट लुइस ब्लूजविरुद्ध पूर्वतयारीचा सामना. पहिली 20 मिनिटं गोलात मॅनॉन. नऊ फटके आले, सात तिने अडवले, दोन आत गेले. ती परतली तेव्हा दोन्ही संघ 2–2 असे बरोबरीत होते. बोलावणाऱ्याच्या मनात जाहिरात होती म्हणून ते सात बचाव खोटे ठरत नाहीत, असं माझं स्वच्छ मत आहे. समोरच्यांनी पक हळू मारला नव्हता.

कॅमेरे आले, मुलाखती झाल्या. एका पुरुषी मासिकाने छायाचित्रांसाठी पैसे देऊ केले, ते तिने नाकारले. आणि मग आला तो भाग, ज्याच्याकडे बातमीदारांचं फारसं लक्ष नव्हतं. अटलांटा, नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, लास वेगास, रेनो. खालच्या लीगमधले पुरुषांचे संघ, बसचे लांबलांब प्रवास. डिसेंबर 1992 मध्ये अटलांटाकडून ती जेमतेम काही मिनिटं उतरली, आणि नियमित हंगामातल्या व्यावसायिक सामन्यात खेळलेली पहिली स्त्री ठरली. पण राखीव गोलरक्षकाचं बरंचसं आयुष्य बाकावरच जातं. अंगावर सगळे पॅड चढवून तीन-तीन तास बसायचं, हाक येईल की नाही ठाऊक नाही, आणि आली तर त्या क्षणी अंग गरम हवं. पाच वर्षं ती हे करत राहिली. मला त्या 20 मिनिटांपेक्षा ही पाच वर्षं मोठी वाटतात.

मधल्या काळात 1994 ला लेक प्लॅसिडमध्ये दुसरं विश्वविजेतेपद आलं. कॅनडाच्या 1997 च्या महिला संघातून मात्र तिला वगळलं. पुरुषांच्या लीगमध्ये टिकलेली मुलगी बायकांच्या संघात नाही! ती पुन्हा घासूनपुसून तयार झाली आणि 1998 ला नागानोला गेली. ऑलिंपिकमध्ये महिलांची ही हॉकी तेव्हा पहिल्यांदाच आली होती. अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात गोलात तीच होती. शेवटी कॅनडा 1–2 ने मागे असताना, एक जादा आक्रमक उतरवण्यासाठी तिला बाहेर बोलावलं. अशा वेळी गोल रिकामा राहतो. अमेरिकेचा तिसरा गोल त्या रिकाम्या जाळीत गेला. तो तिने बाकावरून पाहिला. रौप्यपदक.

तिच्या उमेदीच्या वर्षांत बायकांना पोट भरता येईल अशी व्यावसायिक लीग नव्हती. सध्याची पीडब्ल्यूएचएल 1 जानेवारी 2024 ला सुरू झाली, सहा संघांची. क्वेबेकचीच गोलरक्षक ॲन-रेने देबियें 2018 च्या ऑलिंपिकनंतर खेळ बाजूला ठेवून हिशेबाच्या क्षेत्राकडे वळली होती. ती परत आली, 2022 ला बीजिंगमध्ये सुवर्णपदक जिंकली, आणि आता माँट्रियलच्या संघाचा गोल सांभाळते. 20 एप्रिल 2024 ला तो संघ टोरांटोविरुद्ध माँट्रियलच्याच बेल सेंटरमध्ये उतरला, तेव्हा तिकीट काढून आलेली माणसं होती 21,105.