चिकटणारे कापड आणि चटचटणारी ठिणगी

श्रोतेहो, थंडीत पॉलिएस्टरची साडी परकराला चिकटते. तसलाच सदरा काढताना चटचट आवाज येतो. अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. ही भुताटकी नव्हे, घर्षणाची वीज आहे. दोन निरनिराळ्या वस्तू घासून अलग झाल्या, की एकीवरचे काही इलेक्ट्रॉन दुसरीवर जाऊन बसतात. एक वस्तू धनभारित होते, दुसरी ऋणभारित; आणि विजातीय भार एकमेकांना ओढतात.

मग सुती धोतर का बरे चिकटत नाही? कापूस हवेतली ओल धरतो. साधारण दमट हवेत शंभर किलो कोरड्या कापसात सात-आठ किलो पाणी मुरते; पॉलिएस्टरमध्ये अर्धा किलोही नाही. ओलीच्या वाटेने भार निसटून जातो. म्हणून पावसाळ्यात हा खेळ फारसा दिसत नाही, आणि साडीवरून ओला हात फिरवला की ती सुटते.

गुरुजींनी वर्गात प्लॅस्टिकची फणी कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरावी. कपटे उडी मारून चिकटतील. मुलांना निराळे समजवावे लागणार नाही.

पण हीच ठिणगी पेट्रोलच्या वाफेला गाठली, तर भडका उडतो. नळीतून वाहताना पेट्रोलवरही भार साठतो. तेव्हा मंडळी, पंपासाठी पेट्रोल आणायचे तर धातूच्या डब्यातच घ्या. डबा गाडीत ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवा आणि नळीचे तोंड डब्याला टेकलेले राहू द्या. भार मुकाट्याने जमिनीत जाईल.