पाच दिवसांनंतरचे घर



मारहाणीमुळे रात्री घराबाहेर पडावे लागलेल्या स्त्रीसाठी आश्रयस्थान हवे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी निराधार विधवांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मालकी नसतानाही स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, आणि तिने मागितल्यास आश्रयगृहाने आसरा दिला पाहिजे असे बंधन घातले.

परंतु डोंगरकड्यासारख्या गावातील स्त्रीला ‘सखी’ केंद्रासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. तेथील मुक्काम साधारणतः पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी तिने जावे कोठे? माहेर भावांचे, घर नवऱ्याचे, मजुरी हंगामी. ती मारणाऱ्याकडे परतते, याला सोशिकपणा म्हणणे ही समाजाची सोय आहे. मुळाशी मालमत्तेचा प्रश्न आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिल्या रात्रीसाठी ग्रामपंचायतीकडून गावातच सुरक्षित खोली मिळवावी. कलम १९ अन्वये पतीकडून पर्यायी घर वा भाडे मिळावे, यासाठी तिला अर्ज करण्यास साह्य करावे. आणि नमुना ८ वर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावून घ्यावे. आसरा रात्र निभावतो. पुढचे आयुष्य हक्काच्या घरावरच उभे राहते.