अमोनियाच्या गावात आपले स्वागत





नॅनोतंतूंच्या परिषदेला शीतगृहवाला स्वागताध्यक्ष कसा, असा प्रश्न काहींना पडला असेल. आमच्या सांगली जिल्ह्यातला बेदाणा वर्षभर टिकतो तो शीतगृहांत, आणि शीतगृहांना थंडावा मिळतो तो अमोनियामुळे. हा वायू गळला की आधी डोळे चुरचुरतात, मग श्वास अडतो. गळती शोधायला ऑपरेटर आजही गंधकाची वात पेटवून पाइपांच्या जोडांवरून फिरवतो. गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. पद्धत खात्रीची आहे, पण रात्री दोन वाजता वात फिरवणार कोण?

हे काम संवेदकाकडे सोपवावे म्हटले, तर टिन ऑक्साइडचा वायुसंवेदक जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६०च्या दशकात रूढ केला. तो चालतो साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसला. म्हणजे हीटर अखंड चालू आणि विजेचा खर्चही अखंड. शिवाय हवेत अमोनिया १५ ते २८ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो; तिथे तापलेला भाग नकोच.

म्हणून आपल्या कामाकडे आमचे डोळे लागले आहेत. पॉलिअॅनिलीन हे वीजवाहक पॉलिमर खोलीच्या तापमानालाच अमोनिया ओळखते: वायू त्यातले प्रोटॉन ओढून घेतो आणि विद्युतरोध वाढतो. तेच टिन ऑक्साइडच्या तंतूंवर चढवले, की दोन पदार्थांच्या सीमेवर पी-एन जोड तयार होतो आणि प्रतिसाद वाढू शकतो. इलेक्ट्रोस्पिनिंगने काढलेल्या तंतूंची जाळी विरळ असते, त्यामुळे वायू आतवर पोचतो.

अडचण आहे ती ओलाव्याची. प्रयोगशाळेत हवा कोरडी ठेवता येते; आमच्या यंत्रघरात पाइपांवर बर्फ असतो आणि भिंतींना ओल. बाष्पानेही पॉलिअॅनिलीनचा रोध बदलतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी अमोनियाची मर्यादा २५ पीपीएम मानतात. तेवढा अमोनिया आणि पावसाळी हवा यांतला फरक ज्याला कळेल, तोच संवेदक आमच्या उपयोगाचा.

आमच्या पाहुणचारात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे. एक विनंती मात्र आहे. निबंधवाचन आटोपले की एखाद्या शीतगृहाचे यंत्रघर पाहून जा, आणि आपला संवेदक तयार झाला की एक पावसाळा आमच्याकडे लावून ठेवा. जागा आम्ही देऊ, रोजच्या नोंदीही आम्ही ठेवू.