तिची चूल वेगळी मोजा

(गोंदिया जिल्ह्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

मी विड्या वळणारी बाई. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत, एरवी सूप मांडीवर घेऊन सपरीत. भाषणाची सवय नाही. आज माझ्या मुलीबद्दल बोलणार आहे, आणि बोलू का, असं तिला विचारून आले आहे. "नाव सांगू नको, बाकी सांग," म्हणाली.

ती अठ्ठावीस वर्षांची आहे. लहानपणी नजरेला नजर देत नसे. पाहुणे आले की कोठ्यात जाऊन बसे. वरण भाताला लागलं की ताट सरकवून उठे. लोक म्हणत, लाजाळू आहे, लग्न झालं की सुधारेल. मुलगा असता तर कुणीतरी डॉक्टरकडे न्या म्हटलं असतं. मुलीचं गप्प राहणं कुणाला खुपत नाही. 'स्वमग्नता' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती वीस वर्षांची झाली होती.

उशीर कायद्यालाही झाला. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले, त्यांत ती आहे.

आज माझी मुलगी तांदळाच्या गिरणीत पिशव्या तोलून भरते. यंत्राचा आवाज तिला सोसत नाही, म्हणून मागच्या खोलीत बसते. दिवसाला २०० रुपये, महिन्यात बावीस दिवस काम.

गेल्या वर्षी रोवणी आटोपली आणि ती म्हणाली, "मला वेगळं राहायचं आहे." माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, माझं काय चुकलं? म्हणाली, "काही नाही. इथे फार आवाज आहे." घरात मुलगा, सून, दोन नातवंडं, दिवसभर टीव्ही. खोटं कुठे बोलली?

मग आम्ही दोघी कागदांच्या मागे लागलो, तेव्हा एक गोष्ट कळली. सरकार तिला मोजतच नाही. सरकार कुटुंबाला मोजतं.

संजय गांधी निराधार योजनेतली दिव्यांगांची मदत २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली. चांगलं झालं. पण अट अशी, की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. आता हिशेब करा. तिची मजुरी महिन्याला ४,४००, वर्षाला ५२,८००. माझ्या विड्या धरल्याच नाहीत, मुलाची कमाई धरलीच नाही, तरी ती रेषेच्या बाहेर गेली. २,८०० रुपये जास्त कमावले म्हणून वर्षाचे ३०,००० गेले! काम सोडून घरी बसली तरी माझी नि भावाची कमाई आडवी येणारच.

याच राज्यात २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. म्हणजे बहीण म्हणून आमचं घर गरीब, आणि दिव्यांग म्हणून श्रीमंत!

घराचंही तसंच. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे घरांच्या योजनांत दिव्यांगांना पाच टक्के राखीव आहेत, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. ग्रामीण घरकुलाच्या नियमांत तर लिहिलं आहे, की दिव्यांग कोट्यातलं घर त्या व्यक्तीच्याच नावावर करावं. पण यादीत नाव यायचं कसं? २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत एक चूल म्हणजे एक कुटुंब धरलं, आणि घरकुलाच्या पहिल्या याद्या त्यावरून निघाल्या. लग्न झालेल्या भावाने चूल वेगळी केली की त्याचं कुटुंब वेगळं. बिनलग्नाची बहीण मात्र जन्मभर दुसऱ्याच्या चुलीवर. २०१५ च्या शहरी योजनेत कमावती प्रौढ व्यक्ती, लग्न झालेलं नसलं तरी, वेगळं कुटुंब धरता येत होती. मग गावात का नाही?

मैत्रिणींनो, हे तुम्हाला नवीन नाही. टाकलेल्या बायकांच्या वेगळ्या रेशनकार्डासाठी आपण किती चपला झिजवल्या! घरावर, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून किती भांडलो! तेव्हाही विचारायचे, "एकटी बाई राहील कशी?" आज हाच प्रश्न माझ्या मुलीला विचारतात. खरं सांगते, सगळ्यात आधी मीच विचारला.

त्याला मी शोधलेलं उत्तर असं. रोवणी आपल्यापैकी कोण एकटी करते? रांगेत वाकून, एकमेकींच्या साथीने करतो. म्हणून आपली मजुरी आपली राहत नाही का? तिला बँकेत, दवाखान्यात सोबत लागते. आठवड्यातून दोनदा कुणीतरी डोकावलं पाहिजे. सोबत लागते म्हणजे तिचं घर तिचं नाही, असं होत नाही.

कुणी सांगतात, राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही समूहनिवासाची योजना आहे, तिथे ठेवा. ज्यांना हवं त्यांच्यासाठी ते असावं. माझ्या मुलीला आपल्या गावात, आपल्या कुलपाचं दार हवं आहे. कुठे नि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात आहे, आणि भारताने तो २००७ मध्ये मान्य केला आहे.

म्हणून या मेळाव्यातून आपण तीन मागण्या करू या.

एक, प्रौढ दिव्यांगाची मदत तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर ठरवा, आणि चार पैसे जास्त मिळाले म्हणून सगळी तोडू नका. ब्रिटनमध्ये दिव्यांगांना एक भत्ता मिळतो, तो नोकरी असली तरी बंद होत नाही. अपंगत्वाचा खर्च मजुरी मिळाल्याने संपत नाही, हे तिथे मान्य आहे.

दोन, घरकुलाच्या यादीत तिची चूल वेगळी मोजा.

तीन, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गटाने उभं राहून विचारायचं, ते कुठे गेले? त्यातून खोलीचं भाडं का देऊ नये? सोबतीला येणाऱ्या बाईचं मानधन का देऊ नये?

सरकार मोजेल तेव्हा मोजेल. चार महिन्यांपासून सपरीच्या कोपऱ्यात तिने आपली शेगडी मांडली आहे. भात एका वाटीत, वरण दुसऱ्या वाटीत. मध्ये ओढणीचा पडदा आहे. मी बाहेरून हाक मारते, आणि ती 'ये' म्हणाली तरच आत जाते. मला हे शिकायला वेळ लागला. सरकारलाही लागेल. पण शिकवावं आपल्यालाच लागणार आहे.