शस्त्रक्रियेनंतरची दुसरी शस्त्रक्रिया
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत 'स्त्रियांचे आरोग्य' असा मोघम छापला आहे. खरा विषय असा की, कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यास तो शस्त्रक्रियेने पुन्हा घडविता येतो काय, कसा, आणि तो घडवावा की नाही. हा शब्द भरसभेत उच्चारताना संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या रोगाचे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले, त्याचे नाव घेण्याचीच आपण लाज बाळगली, तर गाठ लपवून ठेवणाऱ्या भगिनीस बोल लावण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. आम्ही वैद्य नव्हे. जाणत्यांकडून ऐकलेले व वाचलेले मुलांना कळेल अशा भाषेत सांगणे, एवढीच आमची मास्तरकी.

या विषयास नाशिकइतके योग्य स्थान दुसरे नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते येथे पंचवटीत, आणि त्यावरूनच या नगरीस नासिक हे नाव पडले, अशी जनश्रुती आपण बाळपणापासून ऐकत आलो. नाक कापले गेले ही कथा सर्वांस ठाऊक. पण कापलेले नाक पुन्हा घडविण्याची विद्याही आपल्याच देशातली, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक करण्याची रीत दिली आहे. पुढे १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानास टिपूच्या लोकांनी पकडून त्याचे नाक व एक हात तोडला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले. त्याने प्रथम मेणाचे नाक करून मापास लावले, ते पसरून कपाळावर आखले, तेवढी त्वचा सोडविली आणि भुवयांच्या मधोमध तिचा एक देठ तसाच ठेवून ती खाली वळविली. नवे नाक जगल्यावर, सुमारे पंचवीस दिवसांनी, तो देठ तोडला. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि १८१४ साली कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने त्याच रीतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. पदवी नव्हे, प्रमाणपत्र नव्हे. पण त्या कारागिराचे नावदेखील कोणी लिहून ठेवले नाही, याची चुटपुट आम्हांस नेहमी लागते.

त्या देठात सारे रहस्य आहे. त्वचा व मांस कोठेही हलविता येते, पण त्यास रक्त पोहोचले पाहिजे. स्तन घडविण्याची विद्याही याच तत्त्वावर उभी आहे. १९०६ साली इटलीतील तान्सिनी याने पाठीवरचा एक रुंद स्नायू त्वचेसह सोडवून, त्याची रक्तवाहिनी काखेत जशीच्या तशी ठेवून, तो पुढे छातीवर आणला. कावसजीच्या कपाळाचीच ही रीत; आजही ती वापरतात. १९८२ पासून पोटाच्या खालच्या भागातील त्वचा, चरबी व स्नायू वर आणण्याची रीत रूढ झाली. तीत पोटाची भिंत दुबळी होई, म्हणून पुढे स्नायू जागीच ठेवून केवळ त्वचा व चरबी घेऊ लागले. या पद्धतीत देठ राहत नाही. रक्तवाहिनी तोडून ती छातीतील वाहिनीशी सूक्ष्मदर्शकाखाली जोडावी लागते. वाहिनीची जाडी दोन-तीन मिलिमीटर, आणि काम कित्येक तासांचे. आपल्या पिंपळगाव-निफाडकडील बागाईतदार रानटी द्राक्षाच्या खुंटावर हव्या त्या जातीचे कलम भरतात, तशातलाच हा प्रकार. सांधा धरला तर फांदी जगते. न धरला तर वाळते, आणि येथेही क्वचित तसे होते.

दुसरा मार्ग सिलिकोनचा. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे अशी पिशवी प्रथम स्त्रीच्या शरीरात बसविली गेली. यात शस्त्रक्रिया लहान, शरीराच्या दुसऱ्या भागास जखम नाही. पण ती जन्मभर पुरेल अशी हमी नसते, आणि छातीवर किरणोपचार झाले असतील तर भोवतालचा पापुद्रा आवळून ती कठीण होण्याचा संभव वाढतो. खरखरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्यांमुळे एक विरळा कर्करोग होतो असे आढळल्याने २०१९ साली त्या बाजारातून परत घेण्यात आल्या. तेव्हा कोणती बसविणार, हे आधी विचारून घ्यावे.

आता जे मिळत नाही तेही सांगितले पाहिजे. आकार मिळतो, पूर्वीची स्पर्शसंवेदना बहुधा मिळत नाही. व्रण राहतात. स्तनाग्र नंतर त्याच त्वचेचे करतात किंवा गोंदून रंग देतात. आपल्या आज्यांच्या हातांवरील गोंदणाचा हा असाही उपयोग! नवा स्तन घडविल्याने रोग उलटतो किंवा उलटलेला रोग झाकला जातो, ही भीती मात्र निराधार ठरली आहे. शिवाय प्रत्येकीस ही वेळ येतेच असे नाही. गाठ लहान असेल तर तेवढा भाग काढून किरणोपचार दिले तरी आयुष्यमान तेवढेच राहते, हे इटली व अमेरिकेत वीस वर्षे मागोवा घेऊन २००२ साली सिद्ध झाले. टाटा मेमोरिअलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे जो प्रयोग चालविला, त्यात शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी तपासणी केली. तरीही पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. २०२१ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात व नव्या मांसास रक्त पुरत नाही. मिश्री लावणाऱ्या भगिनी 'आम्ही तंबाखू खात नाही' असे डॉक्टरांस सांगतात. मिश्री ही तंबाखूच आहे.

"या वयात आता कशाला?" हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकतो, आणि तो विचारणारे बहुधा पुरुष असतात. आमच्या परिचयातील एक शिक्षिका रुमालाची घडी आत ठेवून पाच वर्षे वावरल्या. फळ्यावर लिहिण्यास हात उंचावला की घडी सरके. शेवटी त्या खुर्चीवर बसून शिकवू लागल्या. त्यांना सौंदर्य नको होते, फळा हवा होता. याउलट, पुन्हा शस्त्र नको असे मनापासून म्हणणारी स्त्रीही तितकीच शहाणी. तिच्यासाठी सुती धाग्याचे हलके, विणलेले स्तन मिळतात. चोळीत कप्पा शिवून ते ठेवता येतात. काही सेवाभावी भगिनी ते विणून विनामूल्य देतात. निर्णय तिचा, सासूचा नव्हे, जावयाचा नव्हे, आणि ज्ञातीचा तर नव्हेच.

मात्र निर्णयास वेळ लागतो, म्हणून प्रश्न पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावा. काहींचे काम त्याच वेळी होते, काहींचे किरणोपचार आटोपल्यावर काही महिन्यांनी. वर्षे लोटली तरी करता येते. मधुमेह असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो. खर्चासंबंधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्रास लेखी विचारावे.

आणि आता मंडळाकडे वळतो. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या नियमांत 'प्राणरक्षणार्थ आवश्यक शस्त्रक्रिया' असे शब्द आहेत. त्यापुढे 'व कर्करोगानंतरची पुनर्रचना' एवढे शब्द घालावेत, आणि या कारणासाठी अर्ज करणाऱ्या भगिनीचे नाव वार्षिक अहवालात छापण्याची प्रथा बंद करून केवळ रक्कम छापावी, अशी दुरुस्ती आम्ही मांडीत आहोत. अनुमोदनासाठी महिला शाखेच्या सदस्यांनी उभे राहावे, अशी विनंती आहे.